पूर्ण भरलेली सुट्टीची वही आणि अडलेली वजाबाकी: एक प्रकरण अभ्यास

तिसरीतून चौथीत गेलेल्या एका मुलीने सुट्टीत ऐंशी पानांची उजळणी-वही पूर्ण भरली होती. शाळा सुरू झाली आणि पहिल्याच पंधरवड्यात तिची हातच्याची वजाबाकी चुकू लागली, पाढे अडखळू लागले, श्रुतलेखनात शब्दांखाली लाल रेघा वाढल्या. आईचं म्हणणं होतं की अभ्यास कमी पडला, म्हणून पुढच्या सुट्टीत दोन वह्या आणायच्या. बाबांना वाटत होतं की तिचं लक्षच नसतं. मी प्राथमिक वर्गांतल्या, मागे पडणाऱ्या मुलांबरोबर काम करते. हे प्रकरण एका मुलीचं म्हणून लिहिलं असलं, तरी माझ्या कामात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी त्यात एकत्र केल्या आहेत, म्हणून नाव आणि गाव दिलेलं नाही. चौथी संपत आली होती, पुढची आठ आठवड्यांची सुट्टी समोर होती, आणि तिचं काय करायचं हा प्रश्न होता.

आधीच्या सुट्टीत नेमकं काय झालं होतं

"बाई, वही तर तिनं पूर्ण केली होती. एकही पान सोडलं नाही," आई म्हणाली. ते खरंच होतं. पानं कोणत्या तारखांना भरली गेली ते पाहिल्यावर मात्र चित्र बदललं. रोज चार-पाच पानं उरकून तिने पहिल्या तीन आठवड्यांतच वही संपवली होती. नंतरचे पाच आठवडे काहीच नव्हतं, आणि शाळा सुरू होताना सगळ्यात जवळचा काळ हाच रिकामा होता.

दुसरी गोष्ट वहीच्या रचनेत होती. पानाच्या वर एक सोडवलेलं उदाहरण, खाली तशाच पद्धतीची बारा. आधी सगळ्या बेरजा, मग सगळ्या वजाबाक्या, मग गुणाकार. पान उघडताच मुलीला कळत होतं की इथे काय करायचं आहे. कोणती क्रिया निवडायची हा विचार तिला एकदाही करावा लागला नाही. शुद्धलेखनासाठी रोज एक परिच्छेद बघून उतरवायचा होता. अक्षर सुरेख आलं होतं आणि चूक एकही नव्हती, कारण प्रत्येक शब्द डोळ्यांसमोरच होता.

अशा सरावाचं फसवं रूप डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वच्छ दिसतं. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकाराची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळे आकार मिसळून. सराव करताना सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची फक्त ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६३ वर राहिला. पालकांनी हे आकडे नीट पाहावेत असं मला मनापासून वाटतं. घरी आपण सरावाच्या वेळचं पान बघतो आणि ते छान दिसलं की निश्चिंत होतो.

सुट्टीत विसरतं म्हणजे काय विसरतं

सुट्टीतल्या विसरण्याचा अभ्यास शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत १९०६ सालीच सुट्टीच्या आधी आणि नंतर मुलांची गणितं तपासून पाहिली गेली होती. १९९६ साली हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी घसरण सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाइतकी होती. वाचनापेक्षा गणितात जास्त, आणि त्यातही आकडेमोड व शब्दांचं अचूक लेखन या दोन ठिकाणी सर्वात जास्त. मला यातली सरासरी फारशी उपयोगाची वाटत नाही, हा फरक मात्र फार उपयोगी वाटतो. मूल सुट्टीत पाट्या वाचतं, गोष्टी ऐकतं, प्रश्न विचारतं. पण चार अंकी वजाबाकी किंवा जोडाक्षरांचं श्रुतलेखन सुट्टीत सहज समोर येत नाही. ज्याला दर पायरीवर अचूकता लागते आणि जे रोजच्या जगण्यात वापरलं जात नाही, तेच आधी निसटतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण "दर सुट्टीत मूल दोन महिने मागे जातं" असं बेधडक सांगून पालकांना घाबरवलं जातं. पॉल व्हॉन हिपेल यांनी २०१९ साली हा सगळा पुरावा पुन्हा तपासला. जुन्या अभ्यासांत सुट्टीआधीची आणि सुट्टीनंतरची प्रश्नपत्रिका अनेकदा वेगवेगळ्या इयत्तांसाठी केलेली असायची, त्यामुळे घसरण फुगून दिसण्याचा धोका होता. नव्या चाचण्यांचेही निकाल एकसारखे नाहीत. एखादी मोठी घसरण दाखवते, दुसरी जवळजवळ काहीच नाही. म्हणून सरासरी बाजूला ठेवून आपल्या समोरच्या मुलाचं काय निसटतं ते पाहणं हाच मार्ग मला प्रामाणिक वाटतो.

आणि विसरलेलं सगळं पुसलं जात नाही. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की विसरलेली यादी दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. आठवलं नाही तरी मागे काहीतरी उरलेलं असतं.

एका कागदावरची तपासणी

शाळेच्या शेवटच्या आठवड्यात मुलीला एक कागद दिला. परीक्षा असं त्याला म्हटलं नाही. वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणं मिसळलेली, वर सोडवलेलं उदाहरण नाही, वेळेची सक्ती नाही. तिने प्रत्येक उदाहरण सोडवताना मोठ्याने बोलायचं, एवढीच अट होती. या बोलण्यातून जे कळलं ते नुसत्या उत्तरांवरून कधीच कळलं नसतं.

४००३ वजा १७६८ या उदाहरणाचं तिने उत्तर लिहिलं ३७६५. घाईतली चूक वाटते, पण ती काय बोलत होती ते ऐका: "आठातून तीन गेले पाच. सहातून शून्य गेलं सहा. सातातून शून्य गेलं सात. चारातून एक गेला तीन." प्रत्येक घरात ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती, मग तो वर असो की खाली. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या अशा चुकांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी दाखवलं की अनेक चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल चुकीचा नियम अगदी इमानाने पाळत असतं. आमच्या मुलीला ४५३ वजा १२७ नीट येत होतं, कारण शेजारच्या घरातून एक दशक घेता येतो. शेजारीही शून्य असलं की तिचा नियम संपत होता, आणि मग ती हा दुसरा, सोपा नियम वापरत होती.

"पण मागच्या वर्षी वहीत तर सगळी बरोबर आहेत!" बाबा म्हणाले. आम्ही ते पान काढलं. बाराही वजाबाक्यांत शून्य कुठेच नव्हतं.

म्हणजे ही वजाबाकी ती सुट्टीत विसरलीच नव्हती. तिला ती आधीपासूनच पुरती कळलेली नव्हती. या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा फरक मला हाच वाटतो. विसरलेल्या गोष्टीला थोडी थोडी आठवण द्यावी लागते. न कळलेल्या गोष्टीचा सराव केला तर चुकीचाच नियम पक्का होतो.

पाढ्यांचं दुखणं निराळं होतं. सातचा पाढा ती न अडखळता म्हणायची. "सात आठे?" असं मधूनच विचारलं की मात्र मनात "सात एके सात"पासून सुरुवात करायची, आणि तोवर उदाहरणातलं पुढचं सुटून जायचं. आणखी एक गाठ सापडली. "सात साते एकोणपन्नास" हे ती बरोबर म्हणाली आणि लिहिताना लिहिलं ५९. तपासताना ही पाढ्याची चूक धरली गेली असती, पण पाढा बरोबर होता. 'पन्नास' ऐकून तिचा हात पाचाच्या घरात जात होता. एकोणसत्तर लिहायला सांगितलं तर ७९, एकोणऐंशीला ८९. ही गोंधळाची जागा बऱ्याच मुलांची असते आणि ती दोन-चार दिवसांच्या लक्षपूर्वक कामात सुटते, फक्त ती तिथे आहे हे कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं.

सममूल्य अपूर्णांक तिला येत होते, पण ते वर्षाच्या अगदी शेवटी शिकवले गेले होते आणि त्यावर दुसऱ्यांदा काम झालंच नव्हतं. लेखनात र-ची जोडाक्षरं डळमळीत होती: दर्या आणि दऱ्या, क्रम आणि कर्म. वाचन उत्तम. उतारा वाचून त्यातलं न लिहिलेलंही ती सांगू शकत होती.

काय घेतलं, काय सोडलं

सुट्टीसाठी चारच गोष्टी ठरल्या: शून्यांची वजाबाकी, पाढ्यांतल्या अडणाऱ्या जागा (एकोण-च्या संख्या त्यातच), सममूल्य अपूर्णांक, र-ची जोडाक्षरं. भूमिती, परिसर अभ्यास, व्याकरण, निबंध हे सगळं सोडून दिलं. आईला हे पचायला जड गेलं. "मग ती भूमिती विसरली तर?" विसरली तर शाळेत ती परत शिकवली जाईल, आणि एबिंगहाउस यांच्या निरीक्षणाप्रमाणे दुसऱ्यांदा शिकायला कमी वेळ लागेल. वजाबाकीचं तसं नाही. पाचवीतला भागाकार दर पायरीला वजाबाकी मागतो.

वेळ ठरली रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, सकाळी खेळायला जायच्या आधी. सुट्टी तिची होती, आणि ती तिचीच राहायला हवी होती. मोकळा वेळ, कंटाळा, मनाने काढलेले खेळ यांची मुलांना गरज असते असं माझं ठाम मत आहे, आणि अभ्यासाच्या भीतीपोटी घराघरांतून तो वेळ हिरावला जाताना पाहून वाईट वाटतं.

पंधरा मिनिटांचा एकच नियम होता: आधी कोऱ्या कागदावर आठवायचं, मग तपासायचं. बघून उतरवणं बंद. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ सालच्या प्रयोगात एक उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुन्हा वाचण्याऐवजी आठवून लिहिणारे पुढे होते. रोजचा कागद मिसळीचा होता. एक-दोन वजाबाक्या, त्यांत मुद्दाम एक बेरीज घुसवलेली, एक अपूर्णांक, पाच शब्दांचं श्रुतलेखन.

पाढ्यांसाठी चिठ्ठ्या केल्या. पुढे प्रश्न, मागे उत्तर. बे ते दहाच्या पाढ्यांतल्या किती जागा खरंच अडतात हे पाहिलं तर त्या नऊच निघाल्या, जवळपास सगळ्या सहा ते नऊच्या आपसातल्या. संपूर्ण पाढे रोज म्हणून घेण्याची गरजच नव्हती. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली खोक्यांची पद्धत घेतली: चुकलेली चिठ्ठी उद्या परत येते, बरोबर आलेली तीन दिवसांनी, पुन्हा बरोबर आली की आठवड्याने. उत्तर मागेच असल्याने हे काम आजीकडे सोपवता आलं. आजीला गणित येतं की नाही हा प्रश्नच आला नाही. एकदम उरकलेल्या सरावापेक्षा मध्ये दिवसांचं अंतर ठेवून केलेला सराव जास्त टिकतो, हे अनेकदा तपासून पाहिलेलं आहे.

वाचनासाठी कागद नव्हता. पुस्तकं तिने निवडायची. जेम्स किम यांनी तिसरी ते पाचवीच्या मुलांबरोबर सुट्टीतल्या वाचनाचे प्रयोग केले आहेत. त्यांतून दिसलं की नुसती पुस्तकं हातात दिल्याने विशेष फरक पडत नाही. पुस्तक मुलाच्या पातळीचं असणं, आणि वाचल्यावर मोठ्या माणसाने त्याबद्दल बोलणं, एखादं पान मोठ्याने ऐकणं याची जोड लागते. म्हणून रात्री बाबांनी एकच करायचं ठरलं: "आज काय झालं त्यात?" असं विचारायचं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकायचं.

वजाबाकीचा आठवडा

पहिल्या आठवड्यात वजाबाकीचा सराव केलाच नाही, समजून घेण्याचं काम केलं. ४००३ म्हणजे चार हजार आणि तीन. आठ एकक द्यायचे आहेत, हाताशी तीनच. दशकाच्या घरात काही नाही, शतकाच्याही नाही. मग एक हजार सुटा करायचा: त्याची दहा शतकं, त्यांतल्या एकाचे दहा दशक, त्यांतल्या एकाचे दहा एकक. आता उरले तीन हजार, नऊ शतकं, नऊ दशक, तेरा एकक. हे तिने काड्यांच्या जुड्या बांधून आणि सोडून केलं. नऊ आणि नऊ कुठून येतात हे तिने पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं. तोवर तो तिच्यासाठी बाईंनी सांगितलेला मंत्र होता.

मग तिला विचारलं, "दोन्ही संख्यांतून चार-चार काढून टाकले तर त्यांच्यातलं अंतर बदलेल का?" ती बराच वेळ गप्प होती. "नाही बदलणार." तर मग ४००३ वजा १७६८ म्हणजेच ३९९९ वजा १७६४. यात हातचाच नाही. उत्तर २२३५. तिने ते जुड्यांच्या पद्धतीने पडताळलं, मग बेरीज करून पडताळलं, आणि दिवसभर घरातल्या प्रत्येकाला शून्यांची मोठमोठी उदाहरणं घालून स्वतःच सोडवून दाखवली. सुट्टीत उजळणीच करायची असं आपण धरून चालतो. पण एका गोष्टीवर आठवडाभर निवांत रेंगाळण्याची चैन वर्गाला कधी परवडते? ती सुट्टीतच मिळते.

मध्ये काय बिनसलं

तिसऱ्या आठवड्यात कागद बरोबर येऊ लागले. बाबांना उत्साह आला. पंधराची पाऊण तास झाली आणि पाचवीच्या पुस्तकाचे धडे सुरू झाले. चार दिवसांत चिठ्ठ्या गादीखाली सापडल्या आणि सकाळी पोट दुखू लागलं. आईने फोनवर विचारलं, "बाई, आता काय करू? ओरडू की सोडून देऊ?" दोन्ही नको, पाचवीचं पुस्तक तेवढं कपाटात ठेवा, असं ठरलं. बाबांशी शांतपणे बोलणं झालं. त्यांचा हेतू चांगलाच होता. मुलीच्या दृष्टीने मात्र बरोबर उत्तरांचं बक्षीस म्हणून आणखी काम मिळालं होतं, आणि अशा सौद्यात कोणतंही शहाणं मूल उत्तरं चुकवायला शिकेल. पुन्हा पंधरा मिनिटं झाली, घड्याळ तिच्या हातात दिलं, वेळ संपली की उदाहरण अर्धं असलं तरी उठायचं. दोन दिवसांत पोटदुखी गेली.

त्यानंतर सगळे प्रवासाला गेले आणि दहा-बारा दिवस काहीच झालं नाही. आईला अपराधी वाटत होतं. परतल्यावर तपासलं तर वजाबाकी शाबूत होती आणि पाढ्यांतल्या दोनच जागा अडल्या. अपूर्णांक मात्र बरेच गेले होते. ३/४ आणि ६/८ सारखेच हे तिला चित्र काढल्याशिवाय सांगता येईना. या खंडाने नुकसान केलं असं मी म्हणणार नाही. काय पक्कं आणि काय कच्चं हे त्यानेच दाखवलं, आणि उरलेल्या आठवड्यांत वजाबाकीचा वेळ काढून अपूर्णांकांना दिला.

शाळा सुरू झाल्यावर

पाचवीच्या पहिल्या आठवड्यात त्याच धर्तीचा, आकडे बदललेला कागद दिला. वजाबाक्या सगळ्या बरोबर आल्या, एका ठिकाणी स्वतःची चूक तिने बेरजेने पकडून दुरुस्त केली. पाढ्यांत आठ साते आणि नऊ सहा यांना अजून क्षणभर लागतो. एकोण-चा गोंधळ संपला. अपूर्णांकांना अजूनही चित्राचा आधार लागतो. सुट्टीभर काम करूनही हे तितकंसं बसलं नाही, कारण त्याची कल्पनाच वर्षाच्या शेवटी घाईत रुजवली गेली होती.

एका मुलीवरून सगळं सिद्ध होत नाही. ती वर्षाने मोठी झाली होती, आणि मागच्या सुट्टीपेक्षा यंदा मोठ्या माणसांचं लक्षही जास्त होतं. पण वजाबाकीबाबत मला शंका नाही. तिथे नियमच बदलला होता आणि तो तिच्या बोलण्यात ऐकू येत होता.

जोडाक्षरांचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. श्रुतलेखनात दऱ्या, सूर्य, चक्र, गर्दी हे सगळं बरोबर येतं. ती स्वतः गोष्ट लिहायला बसली, की विचार पुढे धावतात आणि 'दर्याखोऱ्यात' असं लिहून मोकळी होते. तिला गोष्ट लिहिताना थांबवायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. लिहून झाल्यावर ती पेन्सिलीने फक्त र-च्या शब्दांभोवती गोल काढते, ते मोठ्याने वाचते आणि दुरुस्त करते. वर्गशिक्षिकांना तपासणीचे दोन्ही कागद दिले आहेत. त्यांनी अपूर्णांकांचा धडा सुरू करताना तिला पुन्हा चित्रांपासून सुरुवात करू द्यायचं मान्य केलं आहे.